रेघेतली थरथर कुणाची?

ईसीजीचा इतिहास बहुतेक वेळा शोधांच्या क्रमाने सांगतात. मी आज त्यातला एकच प्रश्न घेणार आहे: कागदावर जी रेघ उमटते, तिच्यात हृदयाचं किती आणि बाहेरचं किती?

१८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाची विद्युत हालचाल पहिल्यांदा टिपली. साधन काय, तर काचेच्या केसासारख्या नळीतला पारा. विजेचा दाब बदलला की पारा किंचित सरकायचा, आणि त्याची सावली फोटोच्या काचेवर पडायची. (आपला जिमी नावाचा बुलडॉग मिठाच्या पाण्यात पाय बुडवून ते प्रात्यक्षिक दाखवत. त्यावरून ब्रिटिश संसदेत प्राणी-छळाचा प्रश्नही विचारला गेला!) पण पारा पडला सुस्त. लहर येऊन जायची तरी हा अजून सरकतोच आहे. शिवाय जरा हादरा बसला की रेघ बिघडली.

नेदरलँड्समधल्या लायडनचे विलेम आइन्थोवेन आधी गणित करून ही रेघ दुरुस्त करत बसले. पुढे त्यांनी पारा सोडलाच. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म धागा त्यांनी प्रचंड विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये ताणला. यंत्राचं वजन २७० किलोच्या आसपास, आणि चालवायला पाच माणसं. रुग्णाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत. ही भांडी गमतीची वाटतात खरी, पण कोरडी त्वचा विजेला अडवते आणि खारं पाणी तो अडथळा कमी करतं. आज आपण जेल लावतो ते त्याचसाठी.

यंत्र हलवणं शक्य नव्हतं. म्हणून १९०५ मध्ये सुमारे दीड किलोमीटर लांबच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने हृदयाचे ठोके प्रयोगशाळेत आणले.

आता मुद्द्याची गोष्ट. १९०६ मध्ये आइन्थोवेन यांनी छापलेल्या पट्ट्यांमध्ये अगदी अनियमित नाडीच्या रुग्णाचीही एक पट्टी होती. तिच्यात नेहमीची पी लहर नाही. ठोक्यांच्या मधल्या जागेत नुसती बारीक थरथर. ही थरथर स्नायूंची? यंत्राची? की हृदयाची? १९०९ मध्ये व्हिएन्नात रोथबर्गर आणि विंटरबर्ग, आणि लंडनमध्ये थॉमस लुईस, वेगवेगळे काम करत एकाच उत्तराला पोहोचले: ही कर्णिकांची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, फडफड आहे. लुईस यांची युक्ती मला फार आवडते. इलेक्ट्रोड छातीवर उजव्या कर्णिकेजवळ आणले की थरथर मोठी दिसते. स्नायूंची असती तर ती तिथेच का वाढेल? ज्याला कुणी कचरा म्हणून पुसून टाकलं असतं, तेच निदान ठरलं. आज आपण त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतो.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त घातक. पार्किन्सनचा कंप सेकंदाला ४ ते ६ वेळा होतो, म्हणजे मिनिटाला २४० ते ३६०. एट्रियल फ्लटरचा वेग साधारण ३००. फसायला आणखी काय हवं? १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा १२ रुग्णांचा आढावा आला. पट्टीवरचा कचरा जीवघेणी लय समजला गेला आणि काहींना नको ती औषधं, कॅथेटरची तपासणी, इथपर्यंत सोसावं लागलं. अशा वेळी आधी नाडी धरावी. मग त्या गोंधळात आपल्याच तालावर चाललेले टोकदार क्यूआरएस शोधावेत. ते सापडले तर हृदय आपलं काम शांतपणे करतंय.

तिसरा पाहुणा म्हणजे घरची वीज. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तनांची. नेहमीची पट्टी सेकंदाला २५ मिलिमीटर धावते, तेव्हा एका बारीक चौकोनात बरोब्बर दोन लहरी बसतात आणि रेघ जाड, केसाळ दिसते. इतका नियमितपणा जिवंत स्नायूत नसतो. तिथेच चोर पकडला जातो. मग त्वचा पुसून नीट कोरडी करायची, वाळलेले इलेक्ट्रोड बदलायचे, रुग्णाच्या वायरी एकत्र ठेवून पलंगाच्या वीजतारेपासून दूर घ्यायच्या. उजव्या पायाचा इलेक्ट्रोड आधी तपासावा. तो कोणत्याच लीडच्या मोजमापात नसतो म्हणून दुर्लक्षित राहतो, पण बाहेरची वीज आवरण्याचं काम त्याच्याकडेच असतं. यंत्र बॅटरीवर चालवून बघा. रेघ स्वच्छ झाली तर खोट त्याच्या वीजजोडणीत किंवा अर्थिंगमध्ये शोधायची.

फिल्टरचं बटण आहेच की, असं कुणीतरी म्हणेल. आहे, पण ते फुकट काम करत नाही. वरच्या वारंवारता कापल्या की टोकं बोथट होतात, पेसमेकरची बारीक रेघ दिसेनाशी होऊ शकते. खालच्या कापल्या की रेघ जागेवर स्थिर राहते, पण एसटीचा भाग वर-खाली सरकलेला दिसू शकतो, आणि हार्ट अटॅकच्या निदानात डॉक्टर नेमका तोच भाग बघतात. म्हणून मॉनिटरवर एसटी हललेला वाटला, तर त्या पडद्यावर निर्णय न घेता बारा लीडची पूर्ण पट्टी काढतात.