वर्तनदोष, पाळीव प्राण्यांचे

घरात पाळलेल्या कुत्र्यामांजरांच्या ज्या सवयींमुळे मालकास, शेजाऱ्यांस अथवा खुद्द त्या प्राण्यास उपद्रव होतो, त्यांना व्यवहारात वर्तनदोष म्हणतात. अखंड भुंकणे, अंगावर धावून जाणे, वस्तू कुरतडणे, घरात भलत्या जागी मलमूत्र विसर्जन करणे व आवाजाने भयभीत होणे यांचा त्यांत मुख्यत्वे अंतर्भाव होतो. यांपैकी पुष्कळशा तक्रारींच्या मुळाशी शारीरिक व्याधी असू शकते. म्हणून पहिली भेट पशुवैद्याची, हे निक्षून सांगणे अवश्य आहे. रेतीच्या ट्रेकडे वारंवार जाऊन, कण्हत बसून, जेमतेम दोन थेंब लघवी करणाऱ्या बोक्याचा मूत्रमार्ग अवरुद्ध झालेला असण्याचा दाट संभव असतो, आणि अशा वेळी एकदोन दिवसांची हयगयही त्याच्या जिवावर बेतते. पाठीला हात लागताच गुरगुरू लागलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे अगोदर तपासून घ्यावेत.

व्याधी नाही असे ठरल्यावर साद्यंत हकीकत लागते. घर बंद असताना दाराची चौकट ओरबाडणाऱ्या कुत्र्याचे मोबाइलवर चित्रण केल्यास, मालक बाहेर पडल्यानंतर थोड्याच वेळात त्याच्या येरझारा, धापा व लाळ गळणे सुरू झालेले पुष्कळदा दिसते. ही एकटेपणाची भीती होय; परतल्यावर दिलेल्या माराचा संबंध ते कुत्रे चौकटीशी लावीत नाही, मालकाच्या परतण्याशी लावते, व त्याची भीती दुणावते.

दिवाळीतील फटाक्यांचे भय हा आपल्याकडील नित्याचा प्रकार. त्यावरील उपचारपद्धतीचे मूळ जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकी मनोविकारतज्ज्ञाच्या मांजरांवरील प्रयोगांत आहे. विजेच्या धक्क्यांमुळे पिंजऱ्यात अन्नाला तोंड लावीनाशा झालेल्या मांजरांना त्याने प्रथम निराळ्याच खोलीत, मग मूळ खोलीशी अधिकाधिक साम्य असलेल्या खोल्यांत खाऊ घातले, आणि अखेरीस ती पिंजऱ्यातही खाऊ लागली. 1958 च्या त्याच्या ग्रंथात या पद्धतीचे विवेचन आहे. याच न्यायाने सणाच्या दोनतीन महिने आधीपासून फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज, कुत्रे केवळ कान टवकारील इतका मंद ठेवून, आवडते खाणे देत ऐकवावा व दिवसागणिक किंचित वाढवीत जावा. खाणे थांबले की एक पायरी मागे यावे. प्रत्यक्ष सणात खिडक्या लावून त्यास आतल्या खोलीत ठेवावे. जवळ घेतल्याने भय वाढते हा समज निराधार आहे. गुंगीचे औषध मात्र आपल्या मनाने देऊ नये, कारण असेप्रोमाझीनसारख्या औषधाने शरीर शिथिल होते तरी आतील भय तसेच राहते.

मुंबईत परळ येथे 1886 साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय व त्यालगतचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय येथे प्राण्यांची तपासणी होते. प्रशिक्षक नेमताना तो मालकास समक्ष शिकवतो की नाही हे पाहावे. गळफासाची साखळी अथवा विजेचा पट्टा वापरणाऱ्यास सरळ नकार द्यावा. एकटेपणाच्या तीव्र भीतीत पशुवैद्य कधी क्लोमिप्रामीन देतात. त्याचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि शिकवणीची जोड दिल्यावाचून त्याचा पुरता उपयोग होत नाही.