तार, गोळी आणि ठसा

भवानीनगर म्हटलं की छत्रपती साखर कारखाना आठवतो, च्यवनप्राश नव्हे. पण अवलेहाची परीक्षा समजून घ्यायला नीरा डाव्या कालव्याचा हा उसाचा पट्टाच बरा. कारण अवलेह म्हणजे निम्मं काम पाकाचं!

चरकसंहितेतल्या च्यवनप्राशात 500 आवळे आहेत, तूप-तेल मिळून 12 पल, आणि मत्स्यंडिका, म्हणजे एक प्रकारची साखर, 50 पल. आजच्या सरकारी हिशोबाने ती 2.4 किलो होते. मध फक्त 6 पल, तोही सगळं गार झाल्यावर.

झाला की नाही हे कसं ओळखायचं? शार्ङ्गधराने खुणा दिल्या आहेत: बोटांत तार धरते, पाण्यात टाकलं तर बुडतं, दाबलं की बोटाचा ठसा उमटतो, वास-रंग-चव नवी येते. आता गुऱ्हाळावरचा गुळव्या आठवा. काहिलीतला रस गार पाण्यात सोडून गोळी होते का पाहतो. परीक्षा तीच! दोघेही शोधतात ते एकच, पाणी किती उरलं. पाणी कमी आणि साखर दाट असली की बुरशीला जगता येत नाही. कारखान्यातलं रिफ्रॅक्टोमीटर हेच आकड्यात सांगतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर ही फक्त शेवटच्या पायरीची टेस्ट. आत आवळाच आहे की दुसराच गर, हे तार सांगत नाही. वैद्य स्वतः आवळे निवडायचा तेव्हा ते चालून गेलं. डबा दुकानातून यायला लागला तिथे अडलं. (कायद्यानेही आयुर्वेदिक औषधांसाठी वेगळं प्रकरण 1964 च्या दुरुस्तीनेच आणलं.) डिसेंबर 2004 मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. बोस्टन परिसरातल्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्यानंतर जानेवारी 2006 पासून निर्यातीच्या वनौषधींना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. शिसं घातलेला अवलेहही पाण्यात छान बुडतो हो! त्याला प्रयोगशाळाच हवी.

म्हणून जुन्या खुणा टाकून द्याव्यात असं मात्र मला वाटत नाही. घरी आवळे आणून करणाऱ्याला त्या पुरतात. आणि शार्ङ्गधराने एक गोष्ट आणखी लिहून ठेवली आहे, जी डबेवाले फारशी सांगत नाहीत: गोळ्या आणि अवलेह यांचा गुण वर्षानंतर कमी होतो.