फुलम ते केडगाव

1883 साल आहे. लंडनच्या पश्चिमेला, फुलममध्ये, तुम्ही एका घराच्या दारात उभे आहात. हवेत कोळशाच्या धुराचा वास आहे. तुमच्या दोन पावलं पुढे एक पंचविशीची मराठी बाई चालते आहे. अंगावर पांढरं लुगडं, त्यावरून लपेटलेली शाल. तिच्या सोबत वाँटेजच्या मठातल्या धर्मभगिनी आहेत.

या पंडिता रमाबाई. आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेली, भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवराही गेला. पदरात लहानगी मनोरमा. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, ते त्यांचं संस्कृत ऐकून. शास्त्रार्थात त्या कोणाला सहज हार जाणाऱ्या नाहीत. वाँटेजमध्येही पटलं नाही की तोंडावर सांगतात. इथे मात्र शास्त्रार्थ चाललेला नाही, म्हणून नीट बघा.

आत या. गावानं ज्यांच्यावर थुंकायचं आणि घरच्यांनी ज्यांचं नाव टाकायचं, अशा बायकांचं हे घर आहे. एका बाकावर एक पोरगी शिवणकाम घेऊन बसली आहे. तिचा टाका चुकतो. शेजारची धर्मभगिनी तो उसवते, सुई तिच्या हातात परत देते आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा दाखवते. दोघी एकाच बाकावर, खांद्याला खांदा लावून बसल्या आहेत. रमाबाईंची नजर त्या खांद्यावरच्या हाताकडे आहे. ‘बिघडलेल्या’ बाईला कोणी असं आपलं मानून स्पर्श करतं, हे त्यांनी आजवर पाहिलेलं नाही.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्येच फसलेल्या विधवांसाठी आपल्या घराचं दार उघडलं होतं. करुणा कोणा एका धर्माच्या मालकीची नाही. पण रमाबाईंचं बालपण तीर्थक्षेत्रं पायी तुडवण्यात गेलं, पुराण सांगून पोट भरण्यात गेलं. त्या वाटेवर त्यांना जे भेटलं नाही ते इथे भेटलं, आणि त्यांनी ते तसंच, काही हातचं न राखता लिहून ठेवलं.

त्या विचारतात, तुम्ही हे का करता? भगिनी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय सांगतात. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली शोमरोनी बाई. तिची जात वेगळी, तिच्या संसाराची लक्तरं साऱ्या गावाला ठाऊक. तिच्याकडे येशू प्यायला पाणी मागतो, आणि देवाबद्दलचं गहन बोलणं तिच्याशीच बोलतो. तुम्ही रमाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहा. धर्मग्रंथ त्यांनी कमी वाचले होते का? पण ग्रंथातली गोष्ट आणि समोरच्या बाकावरचा हात एकमेकांशी जुळताना त्या आज पाहत आहेत.

त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा होतो. म्हणजे सगळे प्रश्न मिटले असं नाही. चर्चच्या अधिकाराशी त्यांचा झगडा सुरूच राहिला, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं जावी लागली, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं.

आता पुढची वर्षं भराभर ओलांडा. 1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्याला. 1893 मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ उठतो, ‘केसरी’ तुटून पडतो, रानडे आणि भांडारकर सदनाचं सल्लागार मंडळ सोडतात. मग मध्य प्रांतातला दुष्काळ, पुण्यातला प्लेग. शहरात इतक्या मुली ठेवायला सरकारची मनाई होते, म्हणून बाई त्यांना घेऊन केडगावच्या माळावर जातात.

1900 साल. उन्हाळा. पुण्याच्या पूर्वेला, केडगावात, बाईंनी रेल्वेमार्गाजवळ उभारलेल्या मुक्ती सदनाच्या आवारात तुम्ही उतरला आहात. गुजरातेत छप्पनिया दुष्काळ पडला आहे, बाईंनी तिकडे आपली माणसं पाठवली आहेत, आणि आज नव्या मुलींची एक तुकडी येऊन पोचली आहे. आधी वास येतो. जखमांचा, आमांशाचा, दिवसेंदिवस न धुतलेल्या अंगाचा. तुम्ही नकळत पदर किंवा रुमाल नाकाला लावता. इथल्या मुलींना तेवढीही सवड नाही.

त्यातल्या एकीजवळ बसा. वय आठ असेल किंवा बारा, सांगता येत नाही. गुडघे मांड्यांपेक्षा जाड. केसांत उवांची पोळी झाली आहे, ती कात्रीनं कापावी लागते. कोमट पाण्यानं तिच्या पाठीवरच्या खपल्या भिजवल्या जातात, हळूहळू, कारण ओढल्या तर कातडी निघेल. मग पातळ पेज, चार घोटच. पोटभर एकदम दिलं तर इतक्या उपाशी पोटाला ते सोसत नाही. पोरगी वाडगं सोडत नाही, रडते, चावायला धावते. तिला न्हाऊ घालणारी मोठी मुलगी रागावत नाही. तीन वर्षांपूर्वी ती स्वतः मध्य प्रांतातून अशीच आली होती. संध्याकाळी पोरगी भाकरीचा तुकडा कमरेला खोचून झोपते. तो कोणी काढून घेत नाही.

बाई येतात. वय 42, केस आखूड कापलेले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या खाली वाकून पोरीच्या ओठांशी कान नेतात. दुष्काळ त्यांना पुस्तकातून कळलेला नाही. 1874 च्या सुमारास त्यांच्या घरच्यांनी जंगलातला पाला खाल्ला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री, नंतर आई, नंतर बहीण, एकेक करून त्यांच्यासमोर गेली. ही पोरगी कोणत्या जातीची हे त्या विचारत नाहीत. नाव विचारतात.

आवारात फिरा. माग चालू आहेत, घाणा आहे, शाळा आहे. दीड हजारांहून अधिक जीव इथे राहतात. आंधळ्या मुलींना पुढे मनोरमाबाई ब्रेल शिकवतील. आणि एका बाजूला कृपासदन आहे, पुरुषांनी फसवून, वापरून टाकलेल्या बायकांसाठी. त्याच्या दारात उभे राहिलात की फुलमचा तो बाक आठवतो. सतरा वर्षांपूर्वी ज्या वागणुकीनं रमाबाईंना ख्रिस्ताकडे वळवलं, तीच वागणूक त्या इथे स्वतःच्या हातांनी करत आहेत.

योहानाच्या पत्रातली कसोटी कडक आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर ज्याचं प्रेम नाही, त्यानं न दिसणाऱ्या देवावरच्या प्रेमाचं सांगू नये, असा तिचा रोख आहे. मला ही कसोटी सगळ्या चर्चांना, आणि आम्हा सगळ्यांनाच, लावावीशी वाटते. वेदी किती उंच, गाणी किती सुरेल, मतं किती शुद्ध, याला तिच्यापुढे किंमत नाही. बाईंच्या धर्मांतरावर आजही वाद होतात. उपाशी, निराधार मुलींना अन्नाबरोबर नवा धर्म द्यावा का, हा प्रश्न खरा आहे, आणि तो विचारणाऱ्याला गप्प बसवू नये. पण केडगावचा तो वास सोसून खपल्या भिजवणारे हात खोटे होते, असं त्यांच्या विरोधकालाही म्हणता येणार नाही. बाईंचा विश्वास खरा होता, याची माझ्या लेखी याहून मोठी साक्ष नाही.

1919 मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. 1921 मध्ये मनोरमा गेली. बायबलचा सोप्या मराठीतला अनुवाद पुरा करून 5 एप्रिल 1922 ला बाईही गेल्या. मुक्ती मिशन केडगावात अजून चालू आहे, आणि ज्यांना कोणी नाही अशा बायका-मुली तिथे आजही राहतात. पुण्याहून दौंडच्या गाडीनं अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. एकदा जाऊन या.