संसाराला झेपणारी शाखा

रायपूरहून बोलतोय.

आमची धाकटी इथूनच एमबीबीएस झाली. आता पीजीच्या काउन्सेलिंगला शाखा भरायची आहे. तिच्या मनात सर्जरी. घरातले म्हणतात, "त्वचारोग घे. रात्री-अपरात्री फोन नाहीत, संसार नीट होईल." खरं सांगतो, हे सगळ्यांत आधी मीच म्हणालो होतो. मग मला आपल्याच इतिहासातली दोन घरं आठवली.

पहिलं आनंदीबाई जोशींचं. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं त्यांनी तिथून मनावर घेतलं. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे विषय घरातूनच आला, पण घराची सोय पाहून नव्हे. घराचं दुःख पाहून.

दुसरं घर आमच्या शेजारचं. छत्तीसगडला लागून गडचिरोली जिल्हा, तिथलं हेमलकसा. १९७३ साली बाबा आमट्यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. मुलगा प्रकाश नागपूरला सर्जरी शिकत होता, सूनबाई मंदाकिनी भूलतज्ज्ञ. दोघं शहर सोडून जंगलात राहायला गेले. वीज नाही, पावसाळ्यात वाट बंद. अस्वलानं फाडलेला माणूस येई, अडलेली बाई येई. जे समोर येईल ते शिकत गेले. मुलंही तिथेच वाढली. २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही दोघांना मिळून.

त्या जंगलात संसाराला सोयीची अशी कुठली शाखा असणार? काम अवघडच होतं, पण ते दोघांनी वाटून घेतलं होतं.

फौजेत आधी मोहीम ठरते, मग तिच्यासाठी रसद. लेकीच्या बाबतीत मी रसद पाहून मोहीम ठरवायला निघालो होतो. आणि मी पायदळ निवडलं तेव्हा "संसाराला झेपेल का?" असं मला कुणीच विचारलं नव्हतं. संसार पेलला तो हिनं, एकटीनं. दोन्ही बाळंतपणांत मी सीमेवर होतो.

परवा लेकीला सांगितलं, "सर्जरीच भर. मध्यरात्री फोन आला तर मूल कोण बघणार, हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. स्थळ पाहू तेव्हा तो मुलालाही विचारू."

तुमच्या घरातही विचारा. जय हिंद.