चौकाभोवतीचा किल्ला : बोडियमकडे आतून पाहताना

मागच्या व्याख्यानात आपण नॉर्मन काळातले किल्ले पाहिले. मधोमध एक प्रचंड चौकोनी मनोरा, त्यातच सरदाराचं राहणं आणि त्यातच शेवटची लढाई. आज आपण तिथून साधारण तीनशे वर्षं पुढे येऊ. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये बांधलेल्या काही किल्ल्यांत हा मनोराच नाहीसा झालेला दिसतो. मधोमध काय आहे? तर मोकळं आकाश. एक चौक, त्याच्या चारही बाजूंना खोल्यांच्या रांगा आणि त्या खोल्यांची पाठ म्हणजेच किल्ल्याचा तट.

ससेक्समधला बोडियमचा किल्ला बहुतेकांनी चित्रात तरी पाहिलेला असतो. रुंद खंदकात उभा, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, बाजूंच्या मध्यावर चौकोनी बुरूज, उत्तरेला जोड-बुरुजांचा महादरवाजा. १३८५ मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाने सर एडवर्ड डॅलिनग्रिज या सरदाराला परवाना दिला. परवान्याचा आशय असा, की समुद्राजवळच्या आपल्या राहत्या घराला तट घाल, चऱ्या बांध आणि शत्रूपासून मुलखाचं रक्षण कर. शत्रू म्हणजे फ्रेंच. त्यांनी १३७७ मध्ये जवळचं राय हे बंदर जाळलं होतं, त्यामुळे भीती खोटी नव्हती. पण डॅलिनग्रिजने जुन्या घराला हात लावलाच नाही. नवी जागा निवडली आणि कोरी इमारत उभी केली. आधीचं काहीच सांभाळायचं नव्हतं, म्हणून तिचा आराखडा इतका रेखीव आहे.

आता आपण आत जाऊ. चौक ओलांडला की समोर, दक्षिणेला, मुख्य दिवाणखाना. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीत तीन कमानी अजून उभ्या आहेत. दोन कोठारांच्या, एक भाकरीचं आणि एक पेयांचं, आणि मधली मुदपाकखान्याकडे जाणारी. म्हणजे ताट कुठून येणार हे ठरलेलं. मालकाची बसायची जागा दुसऱ्या टोकाला, पूर्वेला. तिथून पुढे पूर्वेच्या रांगेत त्याच्या खासगी खोल्या आणि त्यांच्याही पुढे प्रार्थनाघर. पश्चिमेच्या रांगेत मात्र वेगळाच संसार आहे. तिथे आणखी एक दिवाणखाना, आणखी एक स्वयंपाकघर, आणि तिथून मालकाच्या भागात जायला आतून वाटच नाही. तिकडच्या माणसाला चौकात उतरावंच लागणार, म्हणजे सगळ्यांच्या नजरेसमोरून जावं लागणार.

ही रांग कोणाची होती यावर वाद आहे. पगारी शिपायांची, आणि त्यांच्यावर मालकाचा पुरता विश्वास नव्हता, असं एक जुनं मत. दुसरं मत असं, की हे साधे घरचे नोकर. काहीही असो, माणसांना एकमेकांपासून किती अंतरावर ठेवायचं हे इथे दगडात बांधून ठेवलेलं आहे.

कोणी म्हणेल, मग हा आपला चौसोपी वाडाच झाला की! चौकापुरतं खरं आहे. पण वाड्याचा सोपा चौकाकडे उघडा असतो, बसता-उठता माणसं एकमेकांना दिसतात. बोडियममध्ये चौकाकडे भिंती होत्या आणि भिंतीत दारं. कोणतं दार कोणासाठी, यावर सगळा कारभार.

अभ्यासकांचा मोठा वाद दुसराच आहे : हा लढाऊ किल्ला की किल्ल्याचं सोंग घेतलेलं घर? महादरवाजात बंदुकीच्या जंग्या आहेत, वरून मारा करायची सोय आहे. पण खंदकाचं पाणी बांध घालून अडवलेलं, आणि बांध फोडला की पाणी गेलं. प्रार्थनाघराची मोठी खिडकी तर तटातच उघडते. शिवाय तिशीच्या आसपास शेकोट्या आणि जवळजवळ तेवढेच शौचकूप. (या शौचकूपांचा निचरा थेट खंदकात. चित्रातलं ते नितळ पाणी पाहताना हे आठवावं.) आपल्याला हा वाद थोडा चुकीच्या जागी पेटलेला वाटतो. डॅलिनग्रिजचं राजाच्या काकाशी, जॉन ऑफ गाँटशी, वैर होतं आणि परवाना मिळण्याच्या आदल्याच वर्षी त्याला त्या भांडणापायी कैद झाली होती. अशा माणसाला तट हवा होता, आणि तो लोकांना दिसायलाही हवा होता. एकाच भिंतीने दोन्ही कामं केली. ‘घर की किल्ला’ हा प्रश्न त्याला पडला असेल असं वाटत नाही.

हा वाद बाहेरच्या तटावरच का घुटमळतो, त्याचं एक साधं कारण आहे. आतल्या भागाचं छप्पर केव्हाच गेलं, भिंतींचे दगडही बरेच गेले. बाहेरचा तट राहिला. एकोणिसाव्या शतकात जॉन फुलर याने तो पाडण्यापासून वाचवला आणि पुढे १९१७ च्या सुमारास तो विकत घेतला लॉर्ड कर्झनने. हो, तोच, बंगालच्या फाळणीचा. व्हाइसरॉय असताना १९०४ मध्ये आपल्याकडे प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा त्यानेच आणला. बोडियमला त्याने खंदक उपसून तळ तपासला, पडझड सावरली आणि १९२५ मध्ये मृत्युपत्राने किल्ला नॅशनल ट्रस्टला दिला.

आतली बाजू समजून घ्यायची तर उत्तरेकडे, यॉर्कशायरमधल्या बोल्टनला जावं लागतं. तोही चौकाचाच किल्ला, बोडियमच्या थोडा आधीचा. स्कॉटलंडच्या मेरी राणीला १५६८ मध्ये तिथे नजरकैदेत ठेवलं होतं. तिथला काही भाग अजून छपरासकट उभा आहे. शिवाय रिचर्ड ले स्क्रोप या मालकाने जॉन लेविन या गवंड्याशी १३७८ मध्ये केलेला करार टिकून आहे. त्यात मुदपाकखान्याचा मनोरा किती लांब, किती रुंद, किती उंच हवा, हे मापांसकट लिहिलेलं आहे. पुढच्या वेळी आपण तो करार कलमवार वाचू.