हमरापूरची शाडूमाती आणि केशिका-संघननाचा इतिहास

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील हमरापूर गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. प्लॅस्टरची मूर्ती पाण्याशी रासायनिक संयोग होऊन लवकर घट्ट होते. शाडूची मूर्ती मात्र पावसाळ्यात सुकता सुकत नाही. याचे कारण दमट हवेबरोबरच मातीच्या सूक्ष्म रंध्रांतही शोधावे लागते.

विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८७१ मध्ये वक्र पृष्ठावरील बाष्पदाबाचे विवेचन प्रसिद्ध केले. अंतर्वक्र पृष्ठावर हा दाब घटतो. म्हणून अरुंद रंध्रात हवा संपृक्त होण्यापूर्वीच बाष्पाचे पाणी होते. सुती कापड ओलावा का धरून ठेवते, याचा उलगडा त्यांनी यातूनच केला. १९११ मध्ये झिग्मोंडी यांनी ही उपपत्ती सिलिका-जेलला लावली.

सूत्रानुसार, २० अंश सेल्सिअसला १० नॅनोमीटर त्रिज्येच्या रंध्रात सुमारे ९० टक्के, तर १ नॅनोमीटरच्या रंध्रात सुमारे ३४ टक्के सापेक्ष आर्द्रतेलाच संघनन होते. परंतु मूठभर रेणूंना ‘वक्र पृष्ठ’ ही संज्ञा लावावी काय, ही शंका उरतेच. २०२० मध्ये मँचेस्टर येथील आंद्रे गाइम यांच्या गटाने एका नॅनोमीटरहून कमी उंचीच्या फटींतही हे सूत्र आश्चर्यकारकरीत्या टिकते, असे दाखविले.

त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी नैसर्गिक मातीचा पुरस्कार केला. मोठ्या रंध्रांतील पाणी आधी निघून जाते. अखेरचा अंश मात्र आर्द्रता उतरल्यावाचून सुटत नाही. मातीकडे वळणाऱ्या कारागिराला कौशल्य अपुरे पडत नाही, अपुरा पडतो तो कोरड्या हवेचा काळ.