आभाळ येऊ द्या

रेडिओवर बसून फोटोविषयी बोलायचे, म्हणजे दाखवायला हातात काहीच नाही. चालेल. ज्या फोटोविषयी मी शेवटी सांगणार आहे, त्यातही फारसे काही दिसत नाही.

माझ्या मामूंचा चंद्रपुरात फोटो स्टुडिओ होता. 1984 च्या उन्हाळ्यात त्यांनी आपला जुना आग्फा क्लिक थ्री मला दिला. बडोद्याला बनणारा तो काळा डबा तेव्हा घरोघरी असे. 120 ची फिल्म, बारा फोटो. भिंगापाशी एक खटका. त्याच्या खुणांत एक सूर्य, एक ढग. ढगावर ठेवला की आतले छिद्र जरा मोठे होई, इतकेच. मला वाटे, ढग म्हणजे नाइलाज. खरा फोटो उन्हातला. मामूंचे मत नेमके उलटे. आम्हा कवींना आभाळ आले की विरह सुचतो, मामूंना गिऱ्हाईक सुचे. दुपारी कोणी घाई केली तर म्हणत, "आभाळ येऊ द्या ना जी."

यामागे जुना इतिहास आहे. वीज नव्हती तेव्हा स्टुडिओचे छत काचेचे करीत, काच शक्यतो उत्तरेकडे ठेवीत आणि खाली पांढरे पडदे ओढीत. म्हणजे पैसे खर्चून घरात आभाळच आणीत. ढगामागून उजेड एका जागेहून येत नाही, साऱ्या आकाशातून झिरपतो. कपाळाची सावली डोळ्यांवर पडत नाही, नाकाखाली काळा डाग उमटत नाही.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली निघाली, डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. त्या काळच्या काचांना मुख्यतः निळा-जांभळा उजेड कळे. तांबडा, तपकिरी रंग त्यांना काळाच. आपल्या लोकांचे सावळे चेहरे आहेत त्याहून काळे उमटत, त्यात माथ्यावरचे ऊन. याच काळात, 1868 ते 1875 दरम्यान, 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. माणसे त्यात जमातींचे नमुने म्हणून मांडली आहेत. जर्मनीच्या फोगेलने काचेला रंग चढवून तिला हिरवा उजेड दाखवला तो 1873 मध्ये, आणि सगळे रंग ओळखणाऱ्या काचा इंग्लंडात विक्रीला आल्या 1906 साली.

कनिंगहॅमसाहेब 1873-74 च्या सुमारास आमच्या मुलखात फिरले, भांदक आणि मार्कंडा त्यांनी पाहिले. वैनगंगेकाठचे मार्कंडा मी मामूंबरोबर दोनदा पाहिले. महाशिवरात्रीच्या जत्रेत, भर दुपारी, कोनाड्यातल्या मूर्तींची निम्मी अंगे काळोखात होती. श्रावणात गेलो तर दगड ओला, आभाळ भरलेले, आणि मूर्तींच्या बोटांतल्या अंगठ्याही मोजाव्यात. अर्थात उथळ कोरीवकाम ढगात सपाट दिसते, त्याला सकाळचे तिरपे ऊनच हवे. मामू हे मान्य करीत, पण जरा नाराजीने.

त्यांचे शिक्षण थोडक्यात असे. ढगाळ दिवशी फोटोत आकाश घेऊ नका, ते पांढरे फटक येते आणि नजर तिकडेच जाते. जवळ जा. उजेड उन्हाच्या चौथ्या-आठव्या हिश्शावर येतो, म्हणून सागाच्या बुंध्याला खांदा टेका, श्वास धरा, मग बटण दाबा. पावसाने धुतलेली पाने, माती, लुगड्याचा रंग उन्हात पांढुरका पडतो. आभाळात भरून येतो.

हे मला कळले तेव्हा उशीर झाला होता.

अब्बा आलापल्लीला एका ठेकेदाराच्या लाकूड डेपोत मुन्शी होते. त्याच 1984 च्या मे महिन्यात, बारा वाजता, मी तिथल्या एका म्हाताऱ्या माडिया कामगाराचा फोटो काढला. डोक्याला फडके, खांद्यावर कुऱ्हाड, पायाशी कुत्रा. खटका सूर्यावर. मी खूष होतो.

पुढच्या पावसाळ्यात तो वारला. त्याचा दुसरा फोटो कोणी काढलेला नव्हता. मुलगा अब्बांची चिठ्ठी घेऊन एस.टी.ने चंद्रपूरला आला. मामूंनी निगेटिव्ह दिव्यासमोर धरले. फडक्याखाली, जिथे चेहरा असायचा, तिथे ते कोरे होते, काचेसारखे स्वच्छ. रात्री अंधाऱ्या खोलीत त्यांनी चार-पाच कागद घालवले. हाताने सावली करून पाहिली, वेळ कमी-जास्त केला. कागदावर दरवेळी कुऱ्हाड आली, कुत्रा आला, कानाची एक कड आली. जिथे उजेड पोचलाच नाही, तिथून छपाई काय आणणार? मामू मला एक शब्द बोलले नाहीत.

सकाळी मुलाने फोटो बराच वेळ पाहिला. मोडक्या मराठीत म्हणाला, कुऱ्हाड बापाचीच आहे. चेहऱ्याचे त्याने विचारले नाही. फोटो गमछ्यात गुंडाळला आणि पैसे किती म्हणाला.

मामूंनी पैसे घेतले नाहीत. बाहेर आभाळ आले होते. त्याला अंगणात नेऊन भिंतीशी उभे केले, डोक्याचे फडके मागे सारायला सांगितले आणि क्लिक माझ्या हातात दिला.